कलेला भाषा नसते, असं कोण म्हणालं?

समुपदेशन आणि 'एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी' शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं हल्ली माझ्या फोनवर सतत येतात. पाठवणारे बहुतेक विद्यार्थी असतात, आणि खाली एकच प्रश्न असतो: 'मॅडम, हा करू का?' कुठे दोन वर्षांचं एम.ए. असतं, कुठे सहा महिन्यांची पदविका, कुठे चार शनिवार-रविवारांत मिळणारं प्रमाणपत्र. फीचे आकडे वेगळे, फोटोतले रंगांनी माखलेले हात मात्र तेच. आणि शब्दांचा थोडाफार फरक सोडला तर एक वाक्यही तेच: कलेला भाषा नसते, ती थेट मनाशी बोलते.

मी चौदा वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे. त्यातली सहा वर्षं पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामाचं पर्यवेक्षणही करते. या अनुभवावरून सांगते, की हे वाक्य खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर सोडूनही दिलं असतं, माहितीपत्रकात कोण खरं बोलतं! पण ते सोयीचंही आहे, आणि ती सोय रुग्णाची नाही, शिकवणाऱ्यांची आहे. इंग्रजीतून शिकवायचं, इंग्रजीतून परीक्षा घ्यायची, इंग्रजीतून केस लिहून घ्यायची, आणि शेवटी मुलामुलींना मराठी, हिंदी, दखनी बोलणाऱ्या वस्तीत पाठवायचं. मधला खड्डा कसा भरायचा? तर क्रेयॉन द्यायचे. चित्राला कुठे भाषा लागते!

चित्र काढून झाल्यावर काय?

चित्र काढल्यानं मन हलकं होतं, हे मला मान्यच आहे. पण तेवढ्यासाठी एम.ए. कशाला हवं? उपचार म्हणून जे घडतं ते चित्र काढता काढता आणि काढून झाल्यावर जे बोललं जातं, जे बोललं जात नाही आणि समोरचा ते कसं ऐकतो, त्यात घडतं. 'ही बाई दाराबाहेर का उभी आहे?' असं विचारल्यावर मूल काय म्हणतं, त्यावर पुढचं पाऊल ठरतं. ते मूल म्हणालं, 'ती बाहेरची आहे,' तर? मराठी घरात 'बाहेरची' म्हणजे परकी, 'बाहेरची' म्हणजे मासिक पाळीत बाजूला बसलेली, आणि बापाच्या संदर्भात 'बाहेरची' म्हणजे आणखीच काही. तीनांपैकी कुठली, हे क्रेयॉन सांगत नाही.

चित्रसुद्धा कोऱ्या मनातून येत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला 'घर काढ' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, चार आकड्यासारखे पक्षी, डोंगरातून निघून रुंद होत जाणारी नदी, काठावर एक झोपडी आणि नारळाचं झाड. मूल दुष्काळी तालुक्यातलं असो, नाहीतर दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेलं असो, चित्र हेच. कारण चित्रकलेच्या तासाला हेच शिकवलं जातं. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात. त्यांत स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, श्रेणी असते, आणि तिच्या जोरावर दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे आपल्याकडे चित्र ही मनमोकळी जागा असण्याआधी गुण मिळवायची जागा असते. समोर कागद आला की मूल 'बरोबर' चित्र काढतं.

आता आमचे विद्यार्थी काय शिकून येतात? घर-झाड-माणूस ही जॉन बक यांची चाचणी. ती १९४८ सालची, अमेरिकेतली. दार किती मोठं, खिडक्या किती, धुराड्यातून धूर येतो का, झाडाला मुळं दाखवली आहेत का, आणि त्यावरून मुलाच्या मनाविषयी अंदाज. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं आणलेल्या अहवालात लिहिलं होतं, की सूर्य डोंगराआड अर्धा झाकलेला असल्यामुळे वडिलांशी नातं दबलेलं असावं. मुलगी हुशार होती, मेहनती होती. पण डोंगराआडचा अर्धा सूर्य वर्गातल्या प्रत्येक मुलानं काढला होता, तो चित्रकलेच्या सरांचा होता. तिच्या अभ्यासक्रमात या सरांबद्दल एक ओळही नव्हती. दोष तिचा कसा म्हणू?

'वाटतं' या एका शब्दाची गोष्ट

बोलण्याच्या उपचारांची हीच गत आहे. संज्ञानात्मक वर्तन उपचारात एक साधा तक्ता भरून घेतात. एका रकान्यात विचार, दुसऱ्यात भावना. ऍरन बेक यांच्या पद्धतीचा हा पाया. आधी दोन्ही वेगळे काढायचे, मग विचार तपासायचा. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं तयार असतात. मराठीत?

'मला वाटतं, तो येणार नाही.' हा विचार. 'मला वाईट वाटतं.' ही भावना. 'मला मरावंसं वाटतं.' ही इच्छा. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं तर समोरची व्यक्ती कुठल्या रकान्यातलं उत्तर देते आहे, हे तिला माहीत नसतं आणि इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या तर ध्यानातही येत नाही. तो तक्ता भरतो, रकाने चुकतात, आणि अहवालात येतं, की क्लायंटला स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत. येतात हो. बाईंनी 'जीव खालीवर होतो', 'काळजाला घोर लागलाय', 'डोकं नुसतं भणभणतं', 'पोटात खड्डा पडतो' असं चार प्रकारे सांगितलेलं असतं. त्या चारांतला फरक ज्याला कळतो, त्याला निदानाची अर्धी वाट सापडलेली असते. आमचा विद्यार्थी चारही ठिकाणी 'एंग्झायटी' लिहितो.

मरणाची गोष्ट आली की ही हयगय जीवघेणी ठरू शकते. मराठी घरात मरण तोंडी बसलेलं आहे. 'मेलं ते दूध उतू गेलं', 'मरो तो सिरियल', 'मरणही येत नाही एकदाचं'. दिवसातून दहा वेळा हे म्हणणाऱ्या बाईच्या मनात कदाचित काहीच नसतं. आणि 'आता माझं काही राहिलं नाही, पोरांचं तुम्ही बघा' असं शांतपणे म्हणणाऱ्या बाईपाशी मात्र त्याच क्षणी सगळं बाजूला ठेवून बसायला हवं. हा फरक कानानं कळतो. तो कान तयार करायचा असतो, आणि त्यासाठी प्रश्नही आपल्या भाषेत विचारता यायला हवेत. 'आपणास आत्महत्येचे विचार येतात का?' हा प्रश्न सरकारी अर्जातला आहे. त्याला उत्तर 'नाही' असंच येतं. 'कधी असं होतं का, की सकाळी उठूच नये?' 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' 'मग ते कसं करायचं, हेही मनात आलं होतं का?' असे प्रश्न थेट डोळ्यांत बघून, आवाज न बदलता विचारायला मी विद्यार्थ्यांना बसवते, तेव्हा दोन वर्षं पूर्ण केलेली मुलं अडखळतात. त्यांनी वर्गात हा सराव केलेला असतो, पण इंग्रजीत, आपल्याच वर्गमैत्रिणीबरोबर.

एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्टही सांगते. बावीस वर्षांच्या मुलीसमोर पन्नाशीचा माणूस बसला आहे. त्याला काय म्हणायचं? 'तुम्ही' ठीक, पण हाक? 'काका' म्हटलं की ती पुतणी झाली, आता तो लैंगिक अडचणीबद्दल तिच्याशी बोलेल का? 'सर' म्हटलं की तो साहेब झाला. नुसतं आडनाव घेतलं तर कचेरी झाली. वस्तीत काम करणाऱ्या अनुभवी कार्यकर्त्या हे रोज सोडवतात. पाठ्यपुस्तकातल्या मर्यादांच्या प्रकरणात मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही.

माती, ढोल आणि नाच कुणाचे?

कलाधारित उपचारांत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कला म्हणजे खेळ, मोकळेपण. माती हाती घ्या, लहान व्हा. ढोल वाजवा, लयीत मिसळा. शरीर सैल सोडा, नाचा.

ज्या मुलीचं बालपण घरच्या चाकापाशी माती तुडवण्यात गेलं, तिला माती 'मोकळं' करेल का? गावात मेलेल्याच्या पुढे, जत्रेत, लग्नात हलगी वाजवणं ज्यांच्यावर जातीनं लादलं होतं, आणि ज्यांच्या आजोबांनी आंबेडकरी चळवळीत ती वाजवायला नकार दिला, त्या घरातल्या मुलाला गोलात बसवून हातात ढोल देताना आपण काय करतो आहोत, याचा विचार कुणी केला आहे का? नाच हीच ज्या समाजातल्या बायकांची रोजीरोटी आणि बदनामी होती, त्या समाजातल्या बाईला 'शरीराची लाज सोडा' असं सांगायचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? मी असे वर्ग पाहिले आहेत. त्यात एखादा विद्यार्थी ढोल हातात घेत नाही. प्रशिक्षक त्याला 'रेझिस्टन्स' म्हणतात. तो नकार त्याच्या घराण्याची कमाई असू शकते, हे त्यांच्या गावीही नसतं.

यावर काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: आपल्या लोककला आणा! ओवी आणा, भारूड आणा! हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या प्रकल्पातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. बायकांनी दळताना बाप, भाऊ, सासू, नवरा, जात, देव, आंबेडकर, सगळ्यांबद्दल तिथे सांगितलं आहे. मनाबद्दल मराठीत काय काय बोलता येतं, हे शिकायला याहून मोठं भांडार नाही. विद्यार्थ्यांनी ते जरूर ऐकावं. पण म्हणून वातानुकूलित सभागृहात जातं मांडून 'ओवी थेरपी'ची कार्यशाळा घेणं हा तमाशा आहे, आणि तमाशाचाही अपमान आहे. बायका पहाटे तीनला उठून दळत होत्या, कारण पीठ लागत होतं. ते कष्ट वगळून उरलेलं गाणं 'उपचार' म्हणून विकणं ही उचलेगिरी झाली.

त्यांनी कसं केलं?

ज्यांच्या नावानं हे अभ्यासक्रम चालतात, त्यांनी काय केलं तेही बघू. 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ करणारे एड्रियन हिल हे इंग्लंडमधले चित्रकार. क्षयाच्या रुग्णालयात स्वतः रुग्ण असताना त्यांना चित्राचा आधार सापडला. मेरियन चेस यांची नृत्योपचाराची पद्धत वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयातल्या वॉर्डांत घडली. शॉन मॅकनिफ आधी डॅन्व्हर्सच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करत होते. मग १९७४ साली त्यांनी लेस्ली कॉलेजात वेगवेगळ्या कला एकत्र आणणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. प्रत्येक पद्धत एका विशिष्ट जागी, विशिष्ट माणसांबरोबर, त्यांच्या बोलीत घडली. आपण त्यांची पद्धत उचलली आणि पद्धत ज्यामुळे घडली ते काम तिथेच ठेवून आलो.

तासांचंच बघा. अमेरिकेत 'काकरेप' या संस्थेची मान्यता असलेल्या समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आधी १०० तासांचं प्रात्यक्षिक असतं, मग ६०० तासांची इंटर्नशिप, आणि त्यातले किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून काम. वर दर आठवड्याला पर्यवेक्षण. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' किंवा 'ड्रामाथेरपिस्ट' ही उपाधी नोंदणीशिवाय लावणं बेकायदा आहे. आपल्याकडे चार शनिवार-रविवारांनंतर लोक नावापुढे 'थेरपिस्ट' लावतात. आपण त्यांचे शब्द घेतले, मंडलं घेतली, गोलात बसणं घेतलं. तास तेवढे घेतले नाहीत.

कायद्याचा धाक इथे फारसा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आहे, मानसोपचार समाजकार्यकर्त्याची आहे, समुपदेशकाची नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यानं वर्तन-आरोग्याच्या क्षेत्रातले समुपदेशक यादीत घेतले, कला आणि नृत्य-हालचालींच्या थेरपिस्टांचाही उल्लेख केला. ही चांगली सुरुवात होती. त्या कायद्याचा हवाला देऊन विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. घरी बसून समुपदेशक होता येत नाही, हे मला पटतं. पण याचा फटका कुणाला बसला? नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तालुक्याच्या शिक्षिकेला, संसारातून वेळ काढणाऱ्या बाईला. म्हणजे मराठीत उत्तम काम करू शकली असती नेमकी तिलाच. दार बंद केलं ते ठीक, पण तिच्या जिल्ह्यात दुसरं कुठलं उघडलं?

पुस्तकं नाहीत म्हणे

मराठीतून शिकवायचं म्हटलं की पहिलं उत्तर येतं: साहित्य नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये लोकांच्या अत्यंत खासगी प्रश्नांना मराठीत उत्तरं देत होते, तेव्हा कुठलं साहित्य होतं? कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची पद्धत 'विवेकनिष्ठ' या नावानं मराठीत रुजवली, तीही पुस्तकं येण्याची वाट न बघता. ठाण्यात आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची संस्था १९९० पासून मराठीत काम करते आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच समुपदेशक झाली. मुंबईत १९८४ पासून पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष चालतो, आणि तिथल्या समाजकार्यकर्त्या एका बाजूला मारणारा नवरा, दुसऱ्या बाजूला हवालदार आणि मध्ये रडणारी बाई अशा स्थितीत बोलायचं कसं, हे चाळीस वर्षं शिकत आल्या आहेत. पुण्याच्या बापू ट्रस्टनं भार्गवी दावर यांच्या पुढाकारानं गरीब वस्त्यांत कलाधारित उपचार वापरले, वस्तीतच राहून.

ज्ञान आहे. ते इंग्रजी शोधनिबंधांत नाही, म्हणून अभ्यासक्रमात नाही, इतकंच. मुक्तांगणमधल्या समुपदेशकाला किंवा विशेष कक्षातल्या ताईंना वर्गात बोलावतातही, पण 'गेस्ट लेक्चर' म्हणून, एक तास, शाल आणि नारळ देऊन. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न नसतो.

दुसरं उत्तर असतं, की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही दुःख असतं. असतंच. त्यांच्यासाठी आजची पद्धत बरी चालते, आणि त्यांना परवडतेही. पण मग माहितीपत्रकात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आकडा छापू नका. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत, असं ते सर्वेक्षण सांगतं. ते लोक तुमच्या विद्यार्थ्यांच्या फीचं समर्थन म्हणून वापरायचे आणि त्यांची भाषा शिकवायची नाही, हे चालणार नाही.

तिसरं उत्तर खरं आहे, आणि ते कुणी मोठ्यानं देत नाही: पैसा. इंटर्नशिप बिनपगारी असते. पर्यवेक्षणाचे आणि स्वतःच्या थेरपीचे पैसे विद्यार्थीच भरतो. मुंबईत दोन वर्षं राहायचं भाडं वेगळं. इतकं करून ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी समुपदेशक म्हणून कोण जाईल? जो जाऊ शकला असता, तो आधीच गळालेला असतो.

मागण्या

तक्रार करून थांबणं मला जमत नाही, म्हणून साध्या मागण्या मांडते. प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमात निम्मा सराव आणि निम्मं पर्यवेक्षण विद्यार्थी ज्या लोकांबरोबर काम करणार आहे त्यांच्या भाषेत व्हावं. केसच्या नोंदीत माणसाचे शब्द जसेच्या तसे यावेत, भाषांतर नंतर. प्रत्यक्ष कामाचे तास प्रवेशाच्या वेळी लेखी सांगावेत आणि पदवीपत्रकावर छापावेत. कलेचा कुठलाही तास घेण्याआधी ती कला कुणाच्या घरातून आली आणि कुणावर लादली गेली, हे शिकवावं. ढोल नाकारणाऱ्याला त्यासाठी कारण द्यावं लागू नये. वस्तीत आणि पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांना पदवी नसली तरी शिकवायची पूर्ण वेळ जागा मिळावी. इंटर्नला विद्यावेतन मिळावं. आणि आठवड्याच्या शेवटी प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी ते खुशाल वाटावं, पण 'कार्यशाळेत भाग घेतला' एवढंच त्यावर लिहावं.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. विभागप्रमुखानं ठरवलं तर येत्या जूनपासून त्या होऊ शकतात.

तोवर 'हा करू का?' असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी माझं मत सांगत नाही. संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचारायला सांगते. प्रत्यक्ष माणसांसमोर मी किती तास बसेन? कुठल्या भाषेत? आणि त्यानंतर माझं काम ऐकायला, ती भाषा येणारं कोण असेल? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर फी भरा. उत्तराऐवजी 'कलेला भाषा नसते' असं ऐकू आलं, तर फोन ठेवा.